लॉनमधली वेडेलिया: काढली तरी परत येते, तेव्हा काय काय तपासायचं

पहिल्या पावसाला पंधरा दिवस झाले की फोन सुरू होतात आणि वाक्य ठरलेलं असतं: “मागच्या वर्षी मुळासकट काढलं होतं, तरी परत आलंय.” काय आलंय असं विचारलं की उत्तर मिळतं, “ते हो, जमिनीवर पसरतं ते.” पुण्याच्या आसपासच्या सोसायट्या आणि कोकणातल्या काही घरांच्या बागा मी सांभाळतो. जमिनीवर पसरणारी तणं आपल्याकडे भरपूर आहेत. काही अर्ध्या तासात निघतात, काही दोन-दोन वर्षं पिच्छा सोडत नाहीत. पण जागा शोभेच्या बागेची असेल, लॉनच्या कडेने पिवळी फुलं दिसत असतील आणि उपटूनही परत येत असेल, तर माझा पहिला संशय वेडेलियावर असतो.

ही मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातली. शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. जुन्या पुस्तकांत वेडेलिया ट्रायलोबाटा सापडेल आणि रोपवाटिकांत आजही तेच नाव चालतं. जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक घुसखोर प्रजातींची यादी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने २००० साली काढली, तिच्यात ही घाणेरी, रानमोडी, जलपर्णी आणि सुबाभळीच्या पंगतीला बसली आहे. रानमोडी मात्र कुणी पैसे मोजून घरी आणत नाही. वेडेलिया पिशवीत रोप म्हणून विकत मिळते, उतारावर, रस्त्याच्या दुभाजकात, जिन्याकडेच्या कुंड्यांत हौसेने लावली जाते आणि तिथून लॉनमध्ये उतरते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला राहणाऱ्या मराठी मंडळींना ती ‘सिंगापूर डेझी’ म्हणून माहीत असेल. तिथे ती विकणं, कुणाला देणं किंवा उघड्यावर टाकणं कायद्याने मना आहे.

खाली तपासण्या फुकटच्या आणि सोप्या आधी, खर्चाच्या आणि घाम काढणाऱ्या नंतर, अशा लावल्या आहेत. बहुतेक घरांत हे उलट होतं. आधी दुकानातून औषधाची बाटली येते, ती संपल्यावर तण कुठलं होतं याची चौकशी सुरू होते.

लक्षणं

- लॉनमध्ये गडद हिरवे, किंचित चकाकणारे ठिपके दिसतात. ते गवतापेक्षा जाड आणि दाट असतात आणि बहुधा कुंपण, पायवाट किंवा कुंड्यांच्या बाजूने आत सरकत येतात.
- गवत कापायचं यंत्र फिरवल्यावर त्या जागी मऊ पात्यांऐवजी बोटाला टोचणारे दांड्यांचे खुंट उरतात.
- फुलं कडेला, यंत्र पोचत नाही तिथे भरपूर असतात. मधल्या भागात जवळजवळ नसतातच.
- उपटल्यावर दोन-तीन आठवडे जागा स्वच्छ वाटते, मग एकाच ठिपक्याचे चार झालेले दिसतात.
- नवे ठिपके यंत्र ज्या रांगेने फिरतं त्या रांगेत, किंवा नळाजवळ, ड्रिपच्या गळक्या जोडापाशी, एसीचं पाणी पडतं तिथे उगवतात.
- दाट झालेला जाजमासारखा थर उचलला की खाली गवत पिवळं पडलेलं असतं, नाहीतर नुसती माती उरलेली असते.

यातली तीन-चार लक्षणं जुळली तर पुढे जा. तुमचं तण गवताच्या पात्यासारखंच दिसत असेल आणि फक्त रंगाने वेगळं असेल, तर ते बहुधा लव्हाळा किंवा दुसरं एखादं गवत आहे. त्याची गोष्ट वेगळी, तिच्याकडे खाली येतोच.

पहिली तपासणी: न कापलेला शेंडा शोधा

लॉनच्या मधल्या तुकड्यावरून ओळख पटवायला जाऊ नका. यंत्राखाली सतत कापली जाणारी वेडेलिया पानं लहान करते, त्यांच्या बाजूचे कोपरे नीट दिसत नाहीत आणि फूल धरत नाही. मग ती इतर चार तणांसारखी दिसू लागते. मोबाइलवरची झाडं ओळखणारी ॲप्सही नेमकी इथेच फसतात, कारण लोक फोटो लॉनच्या मध्यावर उभं राहून काढतात. ॲप वापरायचंच असेल तर फुलासकट शेंड्याचा फोटो द्या आणि उत्तराकडे इशारा म्हणून बघा.

कुंपणाच्या मेंदीखाली, नळाच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे हात आणि यंत्र दोन्ही पोचत नाहीत, तिथला एक मोकळा वाढलेला शेंडा बघा. पानं समोरासमोर, जोडीने येतात. जाडसर, मांसल, वरून चकाकती, हात फिरवला तर थोडी खरखरीत. कडेला दाते असतात. ओळखीची मुख्य खूण म्हणजे पानाच्या मधल्या भागातून दोन्ही बाजूंना निघालेला एकेक टोकदार कोपरा, त्यामुळे एकच पान तीन भागांचं वाटतं. सगळ्याच पानांवर ही खूण सारखी ठळक नसते. एक पान बघून निकाल देऊ नका, सात-आठ पानं बघा.

दुसरी तपासणी: फूल

फूल पिवळंधमक, रुपयाच्या नाण्याएवढं किंवा किंचित मोठं, लांब देठावर एकेकटं. मधली चकतीही पिवळी आणि कडेच्या पाकळ्याही पिवळ्या. पाकळ्या साधारण आठ ते तेरा, प्रत्येकीच्या टोकाला बारीक दात. आपल्या हवेत ती जवळजवळ वर्षभर फुलते, त्यामुळे फुलासाठी ऋतूची वाट बघावी लागत नाही. कडेला कुठेतरी एक तरी सापडतंच.

फूल का महत्त्वाचं? कारण पिवळ्या मध्यासह पांढरट पाकळ्या दिसल्या तर तुमचं निम्मं काम हलकं झालं. ती वेडेलिया नव्हे.

तिसरी तपासणी: दांडी उचला

माझ्या लेखी निर्णायक तपासणी हीच, आणि तिला एक रुपया लागत नाही. ठिपक्याच्या कडेची एक दांडी चिमटीत धरा आणि हळूहळू, न तोडता, जमिनीपासून वर सोलत जा. वेडेलिया असेल तर जिथे जिथे पानांची जोडी आहे त्या प्रत्येक पेराशी पांढरट मुळ्यांचा झुपका मातीत गेलेला दिसेल. हाताला बारीक हिसके बसत राहतात. मुळ्या फार खोल नसतात, पण जागा फार असतात.

हे कळलं की “मुळासकट काढलं तरी येतं” या तक्रारीचं उत्तर मिळतं. या झाडाला ‘मूळ’ असं एक नसतंच. प्रत्येक पेर हे स्वतंत्र रोप होऊ शकतं. आपल्याकडे ती मुख्यतः बीजाने पसरत नाही, तुटलेल्या तुकड्यांनी पसरते. एखादा माळी हिसका मारून ओढतो, दांडी तीन ठिकाणी तुटते, त्याच्या हातात ढीगभर पाला येतो आणि मातीत पाच-सहा पेरं राहतात. वरून जागा साफ दिसते. घरमालक खूश, माळी खूश, आणि पेरं सगळ्यात खूश.

कुणाला पटत नसेल तर एक पेर असलेला तुकडा आणि एक बिनपेराचा तुकडा ओल्या मातीच्या कुंडीत ठेवा. पेराचा तुकडा आठवडा-दहा दिवसांत जीव धरतो, दुसरा कुजून जातो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चर्चा लांबली की हा प्रयोग कामाला येतो.

चौथी तपासणी: हे दुसरंच काही तर नाही?

इथे वेळ घालवा, कारण उपाय तणागणिक बदलतो.

एकदांडी, म्हणजे कुणी जिला दगडी पाला किंवा कंबरमोडी म्हणतं आणि खेड्यात जखमेवर चोळतात, ती वेडेलिया म्हणून सर्वांत जास्त वेळा माझ्यापुढे आणली जाते. तीही अमेरिकेतूनच आलेली, पान दातेरी, दांडी जमिनीलगत लोळणारी. पण तिची पानं केसाळ आणि मऊट असतात, चकाकत नाहीत. फुलाचा देठ खूप लांब आणि केसाळ, मध्य पिवळा आणि पाकळ्या थोड्याच, दुधट-फिकट. फूल वाळलं की म्हातारीच्या केसांसारखं बी उडतं. एकदांडी बीजाने पसरते, म्हणून तिच्यावर उपाय सोपा: फूल वाळण्याआधी काढा. वेडेलियाला हा उपाय लावून काहीच होत नाही.

पिवळा माका मात्र सांभाळून ओळखा. तो वेडेलियाचा सख्खा चुलतभाऊ, त्याच प्रजातिगटातला, पण आपल्याकडचा आणि औषधी. फूल जवळपास तसंच पिवळं, वाढही जमिनीलगत. पान मात्र अरुंद, लांबट, बाजूला कोपरे नसलेलं आणि दाते असले तर अगदी पुसट. ओलसर जागी, ओढ्याकाठी किंवा भातखाचरांच्या बांधावर तो दिसतो. कोकणातल्या परसात तो असू शकतो, आणि तिथे तो उपटायचं काही कारण नाही. साधा माका, केसांच्या तेलात घालतात तो, पांढऱ्या फुलांचा. त्यात गोंधळ व्हायला नको.

कारिवणा, ज्याला बरेच जण ब्राह्मी म्हणतात, तोही पेरापेराशी मुळ्या धरत सरपटतो. त्याचं पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, लांब देठावर. जलपिंपळीची पानं अगदी लहान, टोकाकडे दातेरी, आणि फुलं गुलाबी-पांढरी, काडीच्या गुलासारख्या बारीक बोंडांवर गोल कड्यात उमलणारी. ही दोन्ही लॉनमध्ये आली तरी मी सहसा काढत नाही. चालायला त्रास नाही, दिसायला वाईट नाहीत. मालकाचं मत वेगळं असू शकतं.

आंबुशी तीन बदामी पानांवरून लगेच कळते. पिवळ्या फुलाची असेल तर वरवरची, हाताने निघणारी. गुलाबी फुलाची आणि मोठ्या पानांची असेल तर थांबा आणि खुरप्याने खणून बघा. तळाशी बारीक कंद असतात, आणि हिसक्याने ओढलं तर ते सुटून मातीत विखुरतात. तिथे मातीच चाळून काढावी लागते.

दुधाणी आणि नायटी यांची दांडी मोडली की पांढरा चीक येतो. वेडेलियाला चीक नसतो. पाच सेकंदांची खूण आहे, फक्त तो हात डोळ्यांना लावू नका, चीक डोळ्यांची आग करतो.

अनवाणी चालताना पायाला टोचत असेल, पानांच्या बेचक्यात कागदी, पांढरट, काटेरी बोंडं असतील, तर ते दक्षिण अमेरिकेतून आलेलं अल्टरनँथेरा पंजेन्स. खेळाच्या मैदानांवर आणि सोसायटीच्या लहान मुलांच्या कोपऱ्यात ते सर्रास असतं. त्याला मधोमध एक जाड, खोल सोटमूळ असतं. तिथे वरची पसरण सोडा, मध्य शोधा आणि सोटमुळाचं डोकं खणून काढा.

राहिला लव्हाळा. बुंध्याशी दांडी बोटांत फिरवून बघा. तीन कोन लागले तर लव्हाळा. खाली गाठींची माळ असते आणि उपटणं हा त्यावर उपायच नाही. लव्हाळ्यासाठी वेडेलियाचे उपाय वापरू नका, वेळ फुकट जाईल.

कुठलंही पान चावून ओळखायला जाऊ नका. आंबुशी आंबट लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण सोसायटीच्या लॉनवर कुत्री फिरतात आणि कोणी कधी काय फवारलंय याची नोंद कुणाकडे नसते.

पाचवी तपासणी: आली कुठून?

ओळख पटली की खुरपं खाली ठेवा आणि बागेला एक फेरी मारा. लॉनमधली वेडेलिया हे बहुतेक वेळा शेपूट असतं, धड दुसरीकडे असतं. उलट दिशेने माग काढा. ठिपका कुठल्या बाजूला जास्त दाट आहे, कुठल्या बाजूच्या दांड्या जाड आणि जुन्या आहेत, ते बघा. शेवटी बहुधा शेजारच्या बंगल्याची भिंत, गच्चीवरून लोंबणारी कुंडी, पार्किंगच्या उतारावर बिल्डरने लावलेला पट्टा किंवा गेटजवळची दगडी रचना निघते.

ही तपासणी न करता लॉन कितीही साफ केलं तरी ते दर पावसाळ्यात नव्याने भरणार. माझ्याकडे परत आलेल्या बहुतेक तक्रारी इथेच अडकलेल्या होत्या. लॉन चकाचक, आणि दोन फुटांवर कुंपणाखाली तीच वेल पोसलेली, कारण “ती छान दिसते हो, फुलपाखरं येतात.” येतात, खरं आहे. मग ती कुंडीत ठेवा, जमिनीला न टेकणाऱ्या कुंडीत, आणि लोंबणारे शेंडे कापत राहा. जमिनीत लावलेली वेडेलिया आणि शेजारी लॉन हे दोन्ही एकत्र सांभाळता येतं असं सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

उगम शेजाऱ्याच्या हद्दीत असेल तर आधी बोला. त्यांच्या बाजूला हात घालू नका. त्यांना बहुधा हे तण आहे हेच माहीत नसतं. भिंतीलगत आपल्या बाजूला वीतभर रुंद पट्टी मोकळी ठेवून त्यात खडी घातली, तर ओलांडून येणारी दांडी लगेच दिसते. दिसली की कापा.

सहावी तपासणी: यंत्र, माती आणि कचरा

नवे ठिपके यंत्राच्या रांगेत उगवत असतील तर यंत्र उलटं करून बघा. पात्याच्या आवरणाखाली आणि चाकांच्या खाचांत ओला पाला चिकटलेला असतो, त्यात पेरं असतात. एकच माळी एकच यंत्र घेऊन चार सोसायट्या करत असेल तर तण त्याच्यासोबत फिरतं. दोष माळ्याचा नाही, यंत्र धुवायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. कापणीनंतर पाण्याच्या पाइपने खालची बाजू धुवायची, आणि ठिपका असलेला भाग शेवटी कापायचा, एवढ्याने बराच फरक पडतो. विजेचं यंत्र असेल तर आधी प्लग काढा. पेट्रोलचं असेल तर स्पार्क प्लगची वायर काढल्याशिवाय पात्याजवळ हात नेऊ नका.

ब्रश कटरने वेडेलिया कापणं मात्र पूर्ण बंद करा. दोरीचं पातं दांडीचे बारीक तुकडे करून चारी बाजूंना फेकतं. पावसाळ्यात हे म्हणजे लावणीच.

त्यानंतर माती. नवीन लॉन घातल्यावर वर्षभरात तण आलं असेल तर लाल माती, पोयटा, शेणखत किंवा लॉनच्या तयार लाद्या कुठून आल्या ते विचारा. लादी उलटी करून बघता येते. मातीच्या ट्रकमध्ये दांड्यांचे तुकडे दिसले तर ट्रक परत पाठवा. रोपवाटिकेतून आणलेल्या मोठ्या कुंडीच्या मातीवरही नजर टाका, झाडाच्या बुंध्याशी पाहुणा बसलेला असू शकतो.

आणि कचरा. उपटलेली वेडेलिया कंपोस्टच्या खड्ड्यात ओली टाकली तर खड्ड्याच्या कडेने ती उगवते आणि खतातून परत लॉनवर येते. आच्छादन म्हणून झाडांच्या बुंध्याशीही पसरू नका. तिच्या पाल्यातून निघणारी द्रव्यं इतर रोपांच्या उगवणीला मारक ठरतात. ताडपत्रीवर किंवा गच्चीच्या फरशीवर, मातीशी संबंध येणार नाही अशी, कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, मग काय करायचं ते करा. टेकडीच्या पायथ्याशी किंवा ओढ्यात टाकणं तर अजिबात नको. ओढ्याकाठी ओल मिळाली की ती तिथे कायमची राहायला जाते, आणि पावसाळ्यात तिचे तुकडे खालच्या वस्त्यांपर्यंत वाहत जातात.

सातवी तपासणी: गवत हरतंय का?

जिथे गवत दाट आणि तगडं आहे तिथे वेडेलियाला आत शिरायला वेळ लागतो. म्हणून ठिपका जिथे आहे तिथे गवताची अडचण काय ते बघा.

आपल्याकडच्या बऱ्याच लॉनमधलं गवत म्हणजे दूर्वेचाच कुठलातरी प्रकार. त्याला दिवसाचं निदान सहा तास ऊन लागतं. आंब्याखाली किंवा दोन इमारतींच्या मधल्या पट्ट्यात ते मिळत नाही. वेडेलियाला सावली चालते, उन्हाळा चालतो, पाणथळ चालतं, समुद्राची खारी हवाही चालते. अशा जागी ही लढत गवत हरणारच. तिथे लॉनचा हट्ट सोडा आणि फरशी, खडी किंवा सावलीतली दुसरी झाडं लावा. हा सल्ला कुणाला आवडत नाही, पण दरवर्षी खुरपणीचे पैसे देण्यापेक्षा स्वस्त पडतो.

ऊन भरपूर असेल तर पाणी बघा. गळका जोड, सतत ओला कोपरा, एसीची नळी. आधी ते दुरुस्त करा. मग कापणीची उंची. “महिनाभर परत कापायला नको” म्हणून मातीपर्यंत खरवडलेलं गवत उघडं पडतं आणि मोकळी माती मिळाली की सरपटणारं तण तिथे घुसतं. पावसाळ्यात थोडं उंच ठेवा आणि जास्त वेळा कापा.

आता काढणी

तज्ज्ञ काहीही म्हणोत, मी पावसाळ्यात वेडेलिया काढत नाही. माती मऊ असते, दांडी सहज निघते, हे खरं. पण राहिलेला प्रत्येक तुकडा ओल्या मातीत लगेच रुजतो. माझी पसंती जानेवारी ते मार्च. आदल्या संध्याकाळी ठिपक्याला भरपूर पाणी द्यायचं, सकाळी काढायचं, आणि नंतर त्या जागेला आठवडाभर पाणी बंद. चुकून राहिलेले तुकडे उन्हात वाळून मरतात. पावसाळ्यात सापडलीच तर फक्त कडा कापून तिचा विस्तार रोखा आणि जागा खुणेने लक्षात ठेवा.

काढताना बाहेरून आत या. ठिपक्याच्या कडेच्या दांड्यांची टोकं आधी उचला, पेरापेराला खुरप्याचं टोक घालून मुळ्या सैल करा आणि दांडी अखंड गुंडाळत मध्याकडे जा. मधोमध हात घालून ओढलं तर दांड्या तुटणारच. काढलेलं थेट घमेल्यात किंवा गोणीत, लॉनवर ढीग करायचा नाही. शेवटी हाताने माती चाचपून तुकडे वेचा. हे कंटाळवाणं काम आहे आणि यश सगळं यावरच अवलंबून आहे.

मग दर पंधरा दिवसांनी फेरी. दोन पानांचं रोप चिमटीने निघतं, दोन महिन्यांचं खुरप्याने, सहा महिन्यांचं फावड्याने.

ठिपका टेबलाएवढा किंवा त्याहून मोठा झाला असेल तर हाताने काढून पुरत नाही. तिथे उन्हाळ्यात झाकण घाला. शक्य तितकं काढून, माती ओली करून, पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरायचं आणि कडा मातीत पुरायच्या. एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे. खालचं गवतही मरेल, ते धरूनच चाला आणि नंतर तिथे नव्या लाद्या लावा. प्लास्टिक ठिपक्याच्या कडेपेक्षा दीड-दोन फूट बाहेरपर्यंत हवं, नाहीतर कडेची पेरं जगतात. सावलीच्या जागी पारदर्शक प्लास्टिक तापत नाही. तिथे जाड काळी ताडपत्री दोन-तीन महिने ठेवावी लागते. झाडाच्या बुंध्यापासून मात्र लांब ठेवा.

औषधाबद्दल

इथवर सगळं करून झाल्याशिवाय औषधाचा विचारही करू नका, कारण उगम आणि यंत्र तसंच राहिलं तर औषधही दरवर्षीच लागेल.

रुंद पानांच्या तणांवर चालणारं आणि गवताला सहसा वाचवणारं टू-फोर-डी बाजारात मिळतं. वेडेलियाची पानं त्याने वाकडी होतात, वाळतात, पण मातीत रुजलेल्या पेरांतून ती पुन्हा फुटते. शिवाय त्याचे तुषार आणि ‘एस्टर’ या त्याच्या एका रासायनिक प्रकाराची वाफ वाऱ्याने दूर जाते. द्राक्ष, कापूस आणि टोमॅटो यांना त्याचा फटका फार लवकर बसतो. नाशिककडे किंवा विदर्भात बंगल्याशेजारी शेत असेल तर हे औषध घरगुती पंपाने मारायची गोष्ट नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक तर लॉनलाही मारतं, आणि त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच व्हावा अशी अधिसूचना केंद्र सरकारने २०२२ साली काढली. म्हणून मी इथे मात्रा लिहीत नाही. मीठ, व्हिनेगर, भांड्यांचा साबण वगैरे घरगुती नुस्खेही सोडा. मिठाने माती बिघडते, गवत आधी मरतं आणि वेडेलियाला खारी माती तशीही चालते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कोकणात किंवा डोंगरउतारावर गुडघ्याएवढा दाट थर साचला असेल तर त्यात हात घालू नका. घोणस आणि फुरसं अशाच थराखाली बसतात. आधी लांब काठीने हलवून बघा, पायात बूट असू द्या, आणि साप दिसला तर काम बंद करून सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवा.

उतार किंवा दगडी भिंत वेडेलियाने धरून ठेवली असेल तर पावसाळ्याआधी ती उपटू नका. माती वाहून भिंत खचू शकते. तिथे आधी बांधकामाच्या जाणकाराला दाखवा. लॉनखालून बागेच्या दिव्यांची केबल गेली असेल तर खणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तिची रेषा काढून घ्या. वेल विहिरीच्या काठाला, ओढ्यात किंवा तलावापर्यंत पोचली असेल तर तिथे कुठलंही औषध स्वतः मारू नका.

एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा वर सांगितलेलं नीट करूनही ठिपके वाढतच असतील, किंवा अर्ध्याहून जास्त लॉन व्यापलं गेलं असेल, तर खुरपणीवर आणखी पैसे घालू नका. सगळं उकरून नव्याने लॉन घालणं तेव्हा स्वस्त पडतं, आणि ते काम अनुभवी बाग-ठेकेदाराचं. त्याला कामाआधी दोन प्रश्न विचारा: उकरलेली माती कुठे टाकणार, आणि नवी कुठून आणणार. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा ठेकेदार बघा.

आणि ओळखच पटत नसेल तर अंदाजाने काही करू नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, कृषी विद्यापीठात किंवा महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना विचारा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. नमुना मात्र धड न्या. फूल आणि चार-पाच पानांच्या जोड्या असलेला शेंडा, आणि मुळ्यांसकट एक जुनं पेर, दोन्ही वर्तमानपत्राच्या घडीत सपाट दाबून. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेला पाला उन्हात गाडीच्या डिकीत राहिला की त्याचा लगदा होतो आणि मग तज्ज्ञालाही काही सांगता येत नाही. घडीवर पेन्सिलीने जागा आणि तारीख लिहा, फुलाचा ताजा रंग लिहा, आणि ओल्या जागी होतं की कोरड्या, तेही.